वऱ्हाडातील पाण्यासाठी हलकी ‘फ्लाय रॉड’ निवडताना

गरी टाकून मासे धरणे वऱ्हाडाला नवे नाही. पूर्णा, पेढी, मोर्णा या नद्यांच्या डोहांवर बांबूची काठी, नायलॉनचा दोर आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढ्या सामग्रीवर तासन्‌तास बसणारी माणसे पूर्वीपासून आहेत. ‘फ्लाय रॉड’ हा मात्र या काठीहून अगदी निराळा प्रकार आहे. ती विकत घेताना फसगत होते, ती बहुधा हा निराळेपणा ध्यानात न घेतल्यामुळे.

साध्या गळात वजन टोकाशी असते. शिसे किंवा आमिष भिरकावले की दोर त्याच्यामागे जातो. फ्लाय रॉडच्या टोकाशी असते ती पिसे, केस व धागा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून येथे वजन दोराला दिलेले असते. जाड, लवचिक दोर मागेपुढे झुलवून पाण्यावर अंथरायचा आणि माशी त्याच्या शेवटाला अलगद उतरवायची, अशी ही रीत आहे. काठीचे काम एवढेच, की दोराच्या भाराने वाकायचे आणि सरळ होताना त्याला पुढे ढकलायचे. त्यामुळे रॉड निवडणे म्हणजे आधी दोराचे वजन निवडणे होय.

हे वजन क्रमांकाने सांगितले जाते. अमेरिकेतील मासेमारी साहित्याच्या उत्पादकांनी १९६० च्या सुमारास ठरवलेली ही पद्धत आता जगभर चालते. दोराच्या पुढच्या ३० फुटांचे वजन किती, यावर क्रमांक ठरतो. ३ क्रमांकाचा दोर सुमारे साडेसहा ग्रॅम, ४ क्रमांकाचा पावणेआठ, ५ क्रमांकाचा नऊ आणि ६ क्रमांकाचा साधारण साडेदहा ग्रॅम भरतो. काठीवर मुठीच्या वरच्या बाजूला लांबीबरोबर हाच क्रमांक लिहिलेला असतो. दोर व काठी यांचे क्रमांक जुळले नाहीत, तर महागडी रॉडही निर्जीव वाटते.

परदेशी पुस्तके लहान माशांसाठी ३ किंवा ४ क्रमांकाची, सात ते आठ फुटांची काठी सुचवतात. ती पुस्तके ज्या ‘पॅनफिश’ व ‘बास’ माशांविषयी बोलतात, ते अमेरिकेतील. वऱ्हाडातल्या नदीनाल्यांत त्यांच्या जागी दुसरी मंडळी आहेत. वाहत्या, स्वच्छ पाण्यात झोऱ्या आणि अळकुट हे चपळ, रुपेरी, बोटभर ते वीतभर मासे पृष्ठभागावर पडलेले किडे टिपतात. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा यातील काहींची लॅटिन नावे त्यांनी येथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावे घेऊनच घडवली होती. तलावांत व धरणांत तिलापिया विपुल आहे. उजनीकडे तिला चिलापी म्हणतात. ती १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणली गेली. शेवाळावर जगणारी असली, तरी ती किडेही खाते आणि लहान माशीवर येते. ‘बास’ची जागा घ्यायचीच झाली, तर ती मरळ घेईल. दबा धरून बसणारा, बेडकावर झडप घालणारा हा शिकारी मासा आहे. रोहू, कटला या बाजारातल्या ओळखीच्या माशांकडून मात्र माशीवर फारशी आशा धरू नये.

पाणी कोणते, यावर काठी

पुस्तकी सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे कारण माशांत नसून पाण्यात आहे. तीन क्रमांकाची नाजूक काठी शोभावी असे प्रवाह वऱ्हाडात आहेत ते मेळघाटात. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या तापीला मिळणाऱ्या नद्या त्या डोंगरातल्या. परंतु मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि संरक्षित वनक्षेत्रात मासे धरणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरते. पकडून सोडून देण्याचा हेतू असला, तरी बचाव होत नाही. अकोल्याकडे काटेपूर्णा जलाशयाला लागून असलेल्या अभयारण्याच्या हद्दीतही हाच नियम आहे. वान नदीचा वरचा भाग वान अभयारण्यात येतो, हेही अनेकांच्या ध्यानात नसते.

मग उरतात ती अभयारण्याबाहेरची धरणे, मोठे तलाव आणि सपाटीवरच्या नद्यांचे डोह. मोर्शीजवळ सिंभोरा येथील अप्पर वर्धा हा त्यांतला सर्वांत विस्तीर्ण जलाशय. अशा पाण्यांचे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. सोडलेले मत्स्यबीज त्यांच्या पैशाचे असते आणि त्यावर भोई कुटुंबांचे पोट असते. तेव्हा रॉड मागवण्याआधी संस्थेच्या सचिवाशी आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी बोलून परवानगी मिळते का, ते पाहावे. पाणीपुरवठ्याच्या जलाशयावर पाटबंधारे खात्याचे निर्बंध वेगळे असू शकतात. काठी कोणती घ्यावी याचे निम्मे उत्तर या विचारपुशीतच मिळते.

उघड्या जलाशयावर वारा असतो. सकाळी नऊनंतर तो उठला, की साडेसहा ग्रॅमचा दोर हवेतच गुंतू लागतो आणि नवशिक्याची माशी पाण्याऐवजी त्याच्याच टोपीत अडकते. म्हणून एकच रॉड घ्यायची असेल, तर वऱ्हाडासाठी ५ क्रमांकाची, साडेआठ फुटांची घ्यावी. पाव किलोची तिलापियाही तिला चांगली वाकवते. झाडीने वेढलेले छोटे तळे हाताशी असेल आणि पहाटेच जाणे होणार असेल, तर ४ क्रमांकाची साडेसात-आठ फुटी काठी अधिक आनंद देईल. तीन क्रमांक हा दुसऱ्या खरेदीचा विचार आहे.

मरळीसाठी मात्र हलकी काठी नकोच. किलो-दीड किलोची मरळ कमळवेलीत शिरली, की ५ क्रमांकाची काठी तिला बाहेर काढू शकत नाही. दोर तुटतो आणि गळ माशाच्या जबड्यात राहतो. तिच्यासाठी ७ क्रमांकाची काठी व जाड दोर लागतो. शिवाय पावसाळ्यात मरळीची जोडी लालसर पिलांच्या थव्याची राखण करत असते. त्या वेळी तिला धरले, तर अख्खा थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

लवचिकता आणि साहित्य

विक्रेते ‘फास्ट ॲक्शन’ काठीची भलामण करतात. तिचे फक्त टोक वाकते. लांब फेकीसाठी ती उत्तम, पण तीस-चाळीस फुटांवरच्या लहान माशांसाठी तिची गरज नाही. मध्यापर्यंत वाकणारी ‘मीडियम’ काठी नवशिक्याच्या हाताला दोराचा भार जाणवू देते आणि बारीक धागा तुटण्यापासून वाचवते. शेवटचा हा धागा तिलापियासाठी ०.१८ मिलिमीटर जाडीचा पुरतो.

काठ्या आज कार्बनच्या, फायबरग्लासच्या आणि क्वचित बांबूच्या मिळतात. कार्बन हलका, पण ठोकर सोसत नाही. फायबरग्लास थोडा जड व संथ असला, तरी धसमुसळ्या हाताळणीत टिकतो आणि ४ क्रमांकापर्यंत तो मुळीच वाईट नाही. बांबूच्या रॉडची गोष्ट वऱ्हाडाला जवळची आहे. बांबूच्या सहा त्रिकोणी चिपा चिकटवून ती बनते. आज त्यासाठी चीनमधला टोंकिन बांबू वापरतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर मात्र हिंदुस्थानातून जाणारा ‘कलकत्ता केन’ वापरत. तो म्हणजे मेळघाटातही वाढणारा भरीव मानवेल बांबूच, असे मानले जाते. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि पुढे १८८७ मध्ये तलावातील गळाविषयी स्वतंत्र पुस्तक लिहिले. या देशात तलावांच्या मासेमारीला तेव्हाही स्वतंत्र विचार लागत होता, हे त्यावरून दिसते.

रॉड हाती आली, की जोडून एका डोळ्याने टोकापर्यंत पाहावी. कड्या एका रेषेत हव्यात. सांधे हलवून खडखड होते का, ते तपासावे. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. तो अडकला, तर कडीला चीर आहे आणि ती दोर खाणार. चार तुकड्यांची रॉड एसटीच्या प्रवासात सोयीची. पैसे मर्यादित असतील, तर ते रिळावर न घालवता दोरावर घालवावेत. लहान माशांच्या बाबतीत रीळ म्हणजे दोर गुंडाळून ठेवण्याची जागा, त्याहून फार काही नाही. दोर तरंगणारा आणि पुढे जाड होत जाणारा घ्यावा. त्यावर ‘डब्ल्यूएफ’ अशी खूण असते.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. कार्बन हा विजेचा वाहक आहे. कालव्यांच्या व तलावांच्या काठाने शेतीपंपांच्या तारा गेलेल्या असतात आणि साडेआठ फुटांची काठी डोक्यावरून फिरवताना ओला दोर त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतो. उभे राहण्यापूर्वी वर आणि मागे पाहावे. मे-जूनमध्ये आभाळ गडगडू लागले, की मासा लागलेला असला तरी काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावे.

पाणी नितळ, वारा बेताचा आणि ऊन सुसह्य असा काळ वऱ्हाडात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. भर उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमवलेला मासा सोडून दिला, तरी बहुधा जगत नाही. ते महिने मोकळ्या मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून फेकीचा सराव करण्यात घालवावेत.