हजेरी, उक्ते आणि पॉइंट

आपल्याकडे वायरमनला ‘तासाला किती घेता?’ असे सहसा कोणी विचारत नाही. ‘हजेरी काय?’ असे विचारतात, किरकोळ काम असेल तर ‘उक्ते किती?’ आणि नवे घर असेल तर ‘पॉइंटला काय भाव?’ गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या मुंबईतही स्वतंत्र धंदा करणाऱ्या वायरमनच्या हिशेबात तास शिरला नाही. हे असे का, या प्रश्नाच्या मागे मी काही वर्षे आहे. जुन्या दप्तरांत वीज कंपन्या सापडतात, ट्रॅम सापडते, वायरमन सापडत नाही. त्यामुळे कायदे, सरकारी दरपत्रके आणि घरातल्या वह्या, जो मिळेल तो धागा धरावा लागला.

मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळले. खरी सुरुवात पुढच्या शतकातली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, १९०७ मध्ये विजेची ट्रॅम धावली, १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. त्याच १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाले, हा योगायोग मला मोठा वाटतो. सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांना वर्षभराच्या कामाबद्दल खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्या व्यवस्थेतले दोष आत्र्यांनी सोडले नाहीत, पण दर काय असावा हा प्रश्न बलुतेदाराला रोज सकाळी नव्याने पडत नव्हता. वायरमन ना कुठल्या ओळीतला बलुतेदार, ना वतनदार. त्याचा हक्काचा वाटा कोणत्याच खळ्यावर नव्हता.

कौटिल्याने कारागिरांच्या वेतनाचा एक नियम सांगितला आहे. आधी काही ठरले नसेल तर त्यांच्यासारखा दुसरा माणूस जे घेतो ते द्यावे, किंवा जाणकार ठरवतील ते. पहिल्या वायरमनांच्या बाबतीत अडचण अशी की त्यांच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. राहिले जाणकार, ते काम बांधकाम खात्याच्या आणि ठेकेदारांच्या अंदाजपत्रकांनी केले. तिथे माणसाचा दिवस मोजत नाहीत, काम मोजतात. त्यातून पॉइंट आला.

पॉइंट म्हणजे बोर्डावरच्या बटनापासून दिव्याच्या किंवा पंख्याच्या जागेपर्यंतचे वायरिंग. लाइट पॉइंट, फॅन पॉइंट, प्लग पॉइंट, पॉवर पॉइंट असे त्याचे प्रकार. काही सरकारी दरपत्रकांत आखूड, मध्यम आणि लांब असेही भेद. मालकाला हे सोयीचे, कारण भिंतीकडे बघून मोजता येते. पण पॉइंटच्या पोटात किती वेळ दडला आहे ते पद्धतीवर अवलंबून. जुन्या लाकडी केसिंग-कॅपिंगला अर्धे काम सुताराचे होते: पट्टी कापायची, कोपरे जुळवायचे, झाकण बसवायचे. बॅटनवर क्लिपा मारून वायर नेणे त्या मानाने झटपट. कन्सील्ड वायरिंग आले तेव्हा काम दिसेनासे झाले आणि फेऱ्या वाढल्या. स्लॅबच्या वेळी पाइप टाकायला एकदा, भिंती झाल्यावर झिरी पाडून बॉक्स बसवायला पुन्हा, प्लास्टरनंतर वायर ओढायला तिसऱ्यांदा, रंगकाम आटोपल्यावर बटने बसवायला चौथ्यांदा. पॉइंट मात्र एकच.

माझे थोरले मामा लालबागला राहत. एका गिरणीत वायरमन होते आणि पाळी सुटल्यावर चाळींतून खासगी कामे करत. त्यांच्या तीन वह्या माझ्याकडे आल्या. नोंदी अर्धा रोज, पाव रोज, उक्ते अशा. अधूनमधून समोर ‘सही’ म्हणून खर्च टाकलेला. परवानाधारक ठेकेदाराच्या कागदाशिवाय नवी जोडणी मिळत नसे, त्याचे हे पैसे. आणि वरचेवर येणारे एक अक्षर: ‘फे.’ बराच वेळ मला ते उमगेना. एका पानावर एकाच पत्त्यासमोर ते तीनदा आहे, बाजूला बारीक अक्षरात कारणे: बाई घरी नाहीत, सामान आले नाही, प्लास्टर ओले. फे. म्हणजे फेरी. रकमेच्या रकान्यात आडवी रेघ.

गिरणीचा पगार चालू होता तोवर ती रेघ परवडत होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मामाही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. तिसरी वही त्यानंतरची. कामे वाढलेली दिसतात, दर जवळजवळ तेच. वाढवायला गेले की गिऱ्हाईक म्हणे, ‘मागल्या वर्षी तर एवढेच घेतले होते.’ ते खरेच होते. फक्त मागल्या वर्षी घराचे भाडे आणि रेशन गिरणी भरत होती. कौटिल्याचा ‘त्यांच्यासारखा दुसरा’ आता अस्तित्वात होता, पण तो होता नोकरी सांभाळून जोडधंदा करणारा. माझे मत असे की पुढे पूर्णवेळ धंद्यात उतरलेल्यांच्या मजुरीवर ही सावली बराच काळ राहिली.

ती किती खोल असते हे पाहायला आकडेमोड करावी लागते. सोयीसाठी गृहीत धरू की घरखर्च, हत्यारे, प्रवास, आजारपण धरून वर्षाला ४,५०,००० रुपये लागतात. नोकरदाराच्या सवयीने महिन्याचे २६ दिवस धरले (ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही मासिक वेतनाला २६ नेच भागतात) तर वर्षाचे ३१२ दिवस होतात आणि रोज पडतो सुमारे १,४४२ रुपये. आता स्वतंत्र वायरमन घेऊ. ३६५ मधून ५२ रविवार आणि सणवार-आजारपणाचे १३ दिवस काढले की राहिले ३००. त्यातला चौथा हिस्सा लोहार चाळीतून सामान आणण्यात, अंदाज देण्यात आणि उधारी वसूल करण्यात गेला तर पैसे मिळणारे दिवस २२५. रोज २,००० रुपये. म्हणजे दिवसामागे ५५८ रुपयांचा खड्डा. तासाचे गणित आणखी अवघड. आठ तासांनी भागले तर २५० येतात, पण प्रत्यक्ष शिडीवरचे तास सहाच असतील तर ३३३. तास सांगितला की गिऱ्हाईक घड्याळाकडे बघते आणि वाटेतला वेळ घड्याळात दिसत नाही. तास टाळण्यात वायरमनचे शहाणपणच होते असे मी म्हणेन, जरी पॉइंटनेही तो वेळ भरून दिला नाही.

कायद्याने इथे मदत केली नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम हे काम कोणी करायचे ते सांगत होता. त्याची मजुरी किती, हे सांगणे त्या नियमाचे काम नव्हते. १९४८ चा किमान वेतन कायदा मजुरीची तळरेषा आखत होता, पण मालक आणि नोकर असतील तिथेच. मामांनी हाताखाली पोऱ्या ठेवला तर कायद्याचा विषय तो पोऱ्या होऊ शकत होता, मामा नाहीत. घरात येणाऱ्या विजेचा दर ठरवायला १९९९ पासून राज्यात वीज नियामक आयोग आहे. ती वीज भिंतीतून फिरवणाऱ्याचा दर आजही दारात उभ्याउभ्या ठरतो.

अलीकडे शहरांत ‘व्हिजिट चार्ज’ रूढ होतो आहे. येऊन बघण्याचे ठरावीक पैसे, काम होवो न होवो. मामांच्या वहीतल्या ‘फे.’ला इतक्या वर्षांनी रक्कम मिळाली म्हणायची. पुष्कळ ठिकाणी मात्र काम मिळाले की ती बिलातून वजा करतात, आणि सामान आले नाही म्हणून दुसऱ्यांदा यावे लागले तर त्या फेरीचे पैसे मागायला वायरमन अजून कचरतो.