वजनकाटा, मीठ आणि रक्तदाबाची गोळी

आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांना उच्च रक्तदाबासाठी रोजची गोळी सुरू झाली. वर्षभरात वजन दोन किलोने वाढले, तेव्हा कोणालाही न विचारता त्यांनी ती बंद केली. ‘या गोळ्यांनी माणूस फुगतो,’ हे त्यांचे कारण. त्यात तथ्य किती? उत्तरासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

१९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळांचा रक्तदाबावरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळांतून रेसरपीन वेगळे केले. याच सुमारास हायड्रॅलाझीन हे औषधही वापरात आले. या औषधांनी दाब उतरे. पण काही रुग्णांच्या पायांवर सूज येई, वजन वाढे आणि दाब पुन्हा वर सरके.

असे का व्हावे? दाब उतरला की मूत्रपिंडे मीठ राखून ठेवू लागतात. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के असे लिहिलेले आपण पाहतो. म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. पेशींबाहेरच्या द्रवाचा खारेपणा साधारण एवढाच असतो. तेव्हा शरीरात ९ ग्रॅम मीठ अडले, की सोबत सुमारे एक लिटर पाणी अडते आणि काटा एक किलो पुढे जातो. यात चरबीचा काहीच संबंध नाही.

मग हे पाणी बाहेर कसे काढायचे? १९१९ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दिसले, की सिफिलिससाठी पाऱ्याचे इंजेक्शन दिल्यावर रुग्णाची लघवी कितीतरी पटींनी वाढते. मात्र हे औषध टोचावे लागे आणि पारा विषारी. पोटात घेता येईल असे सोयीचे औषध १९५०च्या दशकात अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ते क्लोरोथायझाइड. १९५७-५८ मध्ये एडवर्ड फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना दिले. काही दिवसांतच दाब उतरला आणि वजनही घटले. रक्ताचे आकारमान वाढवणारा द्रव शिरेतून दिला, तेव्हा दाब पुन्हा चढला. म्हणजे घटले होते ते मीठ आणि पाणी. अशा गोळ्या बारीक होण्यासाठी घेणे व्यर्थ का, हे यावरून समजते. गोळी थांबली की पाणी परत येते.

पुढचा टप्पा १९६४ चा. जेम्स ब्लॅक यांच्या प्रयत्नांतून प्रोप्रॅनोलॉल हे औषध प्रसिद्ध झाले. त्यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या गटातील औषधांनी हृदयाची गती मंदावते आणि शरीराचा ऊर्जेचा खर्चही किंचित कमी होतो. इथे वजन वाढते ते हळूहळू. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३८३७ रुग्णांची पाहणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांचे वजन सरासरी २.३ किलोने वाढले होते. पण औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांचेही १.२ किलोने वाढलेच होते! तुलनेचा गट नसता, तर सगळा दोष औषधाच्या माथी गेला असता. वर्गात प्रयोग शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आमच्या शिक्षकांची गोळी याच गटातली होती. म्हणजे त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. परंतु ही गोळी एकाएकी थांबवली तर दाब उसळू शकतो, हृदयविकार असणाऱ्यांना झटकाही येऊ शकतो, असे १९७०च्या दशकातच लक्षात आले होते. आम्ही त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेले. वजन वाढू न देणारी दुसरी औषधे आहेत, आणि ती त्यांना मिळाली.

काट्याला प्रश्न विचारावा तो असा: बदल किती दिवसांत झाला? दोन-तीन दिवसांत एक-दोन किलो वाढले असेल, तर ते बहुधा पाणी. डॉक्टरांना लगेच कळवावे. महिनोन् महिने हळूहळू वाढले, तर आहार, व्यायाम आणि औषध या तिन्हींचा हिशेब डॉक्टरांसोबत मांडावा. गोळी बंद करण्याचा निर्णय मात्र एकट्या काट्यावर सोडू नये.