‘अति’ या उपसर्गाचें माप

संस्कृत समास म्हणजे थोडक्या अक्षरांत सांठविलेला अनुभव होय. हवापाण्याविषयींचे जे जुने समास मराठींत रूढ झाले, ते या दृष्टीनें पाहिले असतां एक गोष्ट ध्यानांत येते. ते आकाशाचें वर्णन थोडें करितात. मनुष्याच्या सुखदुःखाचें अधिक करितात. ‘दुर्दिन’ हा शब्द आपण विपत्काळाच्या अर्थीं योजितों. अमरकोशांत मात्र त्याचा अर्थ ढगांनीं झांकलेला दिवस, एवढाच आहे. त्या दिवसाला ‘दुर्’ हें दूषण लाविलें तें मनुष्यानें. ‘दुर्भिक्ष’ म्हणजे जेव्हां भिक्षाही मिळणें कठीण तो काळ. या शब्दांत पावसाचें नांवही नाहीं. तरी पाऊस न पडल्याचा परिणाम याहून स्पष्ट कोण सांगेल?

‘अतिवृष्टि’ आणि ‘अनावृष्टि’ यांची कुळी हीच. पिकांवर येणाऱ्या सहा संकटांना पूर्वी ‘ईति’ म्हणत. त्या यादींत या दोहोंच्या पंक्तीस टोळ, उंदीर, पोपट आणि सीमेवर ठाकलेले शत्रुराजे बसले आहेत. अर्थात् ‘अति’ म्हणजे किती, हें ठरविणारें शेत होतें, आंकडा नव्हे.

आज आंकडा आला. शेतीच्या नुकसानीचा विचार करितांना महाराष्ट्रांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टि मानितात. आतां २६ जुलै २००५ चा दिवस आठवावा. सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्यास सुमारें ७३. वरील मापानें दोन्ही ठिकाणीं अतिवृष्टिच! परंतु कुलाब्यास तो पावसाळ्यांतला एक दिवस होता. उपनगरांत मात्र घरें बुडालीं आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं.

एवढा पाऊस कोठेंही अनर्थच करिता. तथापि अनर्थाची मर्यादा भूमि ठरविते. साष्टीच्या ज्या सखल भागांत एके काळीं भातखाचरें पाणी धरून ठेवीत, तेथें आज इमारती उभ्या आहेत. विहार व पवई तलावांचें पाणी वाहून नेणारी मिठी नदी भरावांनीं आंखडली आहे. म्हणून ‘अति’ हा केवळ पावसाचा गुण नव्हे; तें पाऊस आणि भूमि यांमधील नातें आहे. पर्जन्यमापक त्यांतील एकच बाजू मोजतो. दुसरी बाजू आपल्या हातीं आहे, हें त्या जुन्या समासाचें सांगणें अद्याप शिळें झालेलें नाहीं.