आसवाची गोडी

दिवाळीच्या अंकात मद्याची कथा पाहून कित्येकांच्या भुवया उंचावतील. पण ज्या घरात दारूचे नाव काढलेले खपत नाही, त्याच घरच्या फडताळात बाळंतिणीसाठी आणलेली दशमूलारिष्टाची बाटली उजळ माथ्याने उभी असते! तिची गोडी गुळामधाची, आणि घशाखाली उतरताना जाणवणारी ऊबही त्याच गुळामधाची. या बाटलीचे घराणे फार जुने आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक अध्याय आहे. मद्य कोणी विकावे, किती विकावे, यांच्या नियमांबरोबर हा करडा राजनीतिज्ञ चक्क पाककृतीही सांगतो. आसवासाठी कवठ १०० पल, फाणित ५०० पल आणि मध एक प्रस्थ. फाणित म्हणजे आपली काकवीच म्हणा ना! मैरेयासाठी मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरी. पुढे मात्र तो एक मौजेची गोष्ट सांगतो: राजासाठी पेय निवळून घेताना रस वाढावा म्हणून त्यात पाच पल फाणित घालावे.

आधी पाचशे पल ओतल्यावर मग या पाच पलांचे प्रयोजन काय? येथेच साऱ्या कलेचे मर्म आहे. पहिली गोडी माणसासाठी नसतेच. फ्रान्समधील लुई पाश्चर याने १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले की, किण्वातले सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचे मद्यार्क व वायू बनवतात. म्हणजे पाचशे पल हे घड्यातल्या पाहुण्यांचे जेवण, आणि पाच पल आपल्या जिभेचे. ही दुसरी गोडी घाईने घातली, तर उपाशी पाहुणे तीही फस्त करतात आणि वायू कोंडून घडा फुटायची भीती. मधाचेही तसेच. निखळ मध वर्षानुवर्षे आंबत नाही, कारण त्याच्या दाट साखरेत हे जीव तगत नाहीत; पाणी मिसळले की त्यांचे फावते.

वैद्यांनी हे ज्ञान नियमात बसवले. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराची शार्ङ्गधरसंहिता म्हणते, प्रमाण सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवाला एक तुला, म्हणजे १०० पल, गूळ घ्यावा. मध त्याच्या निम्मा आणि औषधी चूर्ण दशांश. आतून तूप माखलेला घडा, सांधा मातीकापडाने लिंपलेला, आणि सह्याद्रीत फुलणाऱ्या धायटीची फुले. त्या फुलांबरोबर किण्व आपसूक घड्यात उतरते.

हे काम घराघरांतून चाले. कौटिल्यासारखा करवसुलीत चोख माणूसही कुटुंबांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करू देतो; उत्सव, समाज आणि यात्रा यांसाठी चार दिवसांची मोकळीक देतो. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मात्र मद्यार्क असलेली औषधेही कक्षेत घेतली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधांपुरती ती बंदी रद्द ठरवली. बाटली वाचली, पण घडा घरातून गेला तो गेलाच. आता आसवे कारखान्यांतून येतात, आणि कोणता गूळ कोणासाठी, हे सांगू शकणारी आजीबाई घरात विरळाच.

तेव्हा फराळ आटोपल्यावर फडताळातली बाटली जरूर काढून पाहा. वेष्टनावर बारीक अक्षरांत स्वयंजात मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. 'स्वयंजात' म्हणजे वरून न ओतलेला, गुळामधातूनच जन्मलेला. मुलांनी विचारले, तर त्यांना त्या पाचशे आणि पाच पलांचा हिशेब सांगायला हरकत नाही.