छोट्या गाळ्याला प्रकाशफलकाची साथ

प्रदर्शनात लघुउद्योजकाच्या वाट्याला बहुधा ३ मीटर बाय ३ मीटरचा गाळा येतो. मोठ्या दालनांच्या झगमगाटात तो हरवला, तर भाड्याचे पैसे वसूल होणेही कठीण. अशा वेळी प्रकाशफलक उपयुक्त ठरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर छापील कापड ताणून बसवतात आणि त्यामागे एलईडी दिवे लावतात. चौकट सुटी करून नेता येते. पुढील प्रदर्शनात केवळ कापड बदलले की काम भागते.

फलकावर नाव, एक छायाचित्र आणि एक ओळ पुरेशी असते. नाव डोळ्यांच्या पातळीच्या वर असावे. खालचा भाग गर्दीत झाकला जातो. पैठणीसारख्या मालावर मात्र स्वतंत्र दिवा हवा. त्याचा सीआरआय, म्हणजे रंगदर्शन निर्देशांक, ९० हून अधिक असावा. अन्यथा खरा रंग दिसत नाही आणि ग्राहकाची तक्रार घरी गेल्यावर येते. खाद्यपदार्थांना ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश शोभतो.

५ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला कमाल ११५० वॅटचा भार चालतो. फलकासोबत विजेची शेगडी लावायची असल्यास आयोजकांकडे जादा जोडणीची मागणी आधीच नोंदवावी.