दायमाबादचा गेंडा

श्रोतेहो, मध्यंतरी इंदापूर तालुक्यातील बावड्याला जाण्याचा योग आला. तेथे शाळेतल्या मुलांना मी चार चित्रे दाखविली. पहिल्यात बैल जुंपलेला रथ होता, दुसऱ्यात रेडा, तिसऱ्यात हत्ती. मुलांनी तिन्ही झटकन ओळखली. चौथ्यापाशी मात्र गाडी अडली. एकजण भीतभीत म्हणाला, "सर, हे रानडुक्कर हाय का?"

तो गेंडा होता!

ही चित्रे दायमाबादच्या धातुमूर्तींची. प्रवरेकाठचे हे गाव श्रीरामपूर तालुक्यात आहे. १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे बुंध खणताना या मूर्ती सापडल्या. चारींचे मिळून वजन ६० किलोंच्या घरात. बरेच अभ्यासक त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. त्यांतला गेंडा चाकांवर उभा आहे.

आता, मूर्ती सापडली म्हणून गेंडा प्रवरेकाठी चरत होता, असे इतिहासात म्हणता येत नाही. त्याला हाडाचा पुरावा लागतो. तसा पुरावा पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया यांना गुजरातेत लांघणज येथे मिळाला. सोळाव्या शतकात बाबराने पेशावरकडील गेंड्यांविषयी लिहून ठेवले आहे. १५१५ साली तर गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला.

मग हा प्राणी गेला कुठे? त्याला हवे नदीकाठचे उंच गवत, पाणथळ जागा आणि लोळायला चिखल. आणि शेतकरीदादा, आपल्यालाही तीच गाळाची जमीन हवी! गवत मोडून शेते झाली. त्यात शिकार. मादी सुमारे सोळा महिने गाभण राहते आणि एकाच पिलाला जन्म देते. मारलेल्यांची भर लवकर निघत नाही. शिंग औषधी, या समजुतीने माणसे त्याच्या जिवावर उठली. वास्तविक शिंगात आहे काय? आपल्या नखांत असते तेच द्रव्य!

आसामात काझीरंगाचे रान राखायला १९०५ साली सुरुवात झाली, तेव्हा तेथे फार थोडे गेंडे उरले होते. २०२२ च्या गणतीत ते २,६१३ भरले. २०२१ साली आसाम सरकारने साठवणीतली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. या मालाला मोल नाही, हे जगाला सांगण्यासाठी. तरी धोका टळलेला नाही. चोरटी शिकार आहे, ब्रह्मपुत्रेचे पूर आहेत, आणि या जातीचे बहुतेक गेंडे एकाच रानात एकवटले आहेत. सगळे धान्य एकाच कणगीत ठेवण्यातला धोका तुम्हांला मी काय सांगावा!

गुरुजनहो, राखले तर वाचते, एवढे काझीरंगाने दाखविले. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, पण आज तो पक्षी तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. बारामती तालुक्यात सुप्याच्या माळावर चिंकारा अजून आहे; त्याच्यासाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. जागा लहानशीच, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. मुलांना एकदा तेथे घेऊन जा, चिंकारा लांबून दाखवा. नाहीतर उद्या त्याचेही चित्र पाहून एखादे पोर विचारील, "सर, हे शेरडू हाय का?"