कुष्ठजंतू, टी पेशी आणि परळची प्रयोगशाळा

कुष्ठरोगाचा जंतू एकच, पण आजार माणसागणिक वेगळा. एकाच घरातल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर एखादाच बधिर चट्टा उठतो, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आणि कानाच्या पाळ्यांवर गाठी येतात, आणि बाकीच्यांना बहुधा काहीच होत नाही. या फरकाचे मूळ मुख्यतः शरीरातल्या पेशींच्या व्यवहारात आहे: जंतूची ओळख पेशी एकमेकींना कशी पटवतात, यात. हे उलगडायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि त्या प्रयत्नात महाराष्ट्रातील संशोधकांचा मोलाचा वाटा आहे.

नॉर्वेतील बर्गन येथे हान्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू पाहिला. आजार दैवी कोप किंवा पूर्वजन्मीचे पाप नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले, तरी समाजाने रुग्णांना वेशीबाहेर ठेवणे सोडले नाही. मुंबईत पालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये रुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले; वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सेवाकार्य सुरू केले.  निजामाच्या हैदराबाद संस्थानात निजामाबादजवळ डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर यांनी १९१५ मध्ये कुष्ठरुग्णालय उभारले. चालमोगरा आणि कडू कवठ यांच्या बियांचे तेल सुईने टोचणे हा तेव्हाचा मुख्य उपचार होता. तो वेदनादायक होता आणि गुणाची खात्री नव्हती. १९४० च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले. १९५० च्या दशकातही कुष्ठरोगावरचे मुख्य औषध तेच होते.

संशोधनातली मोठी अडचण अशी की हा जंतू कोणत्याही कृत्रिम माध्यमात वाढत नाही. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन काढलेला रस काचपट्टीवर पसरून रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्यांचे जुडगे दिसतात, पण माध्यमात त्यांची पैदास करता येत नाही. जपानमधील मित्सुदा यांनी १९१९ मध्ये रुग्णांच्या गाठींतील मृत जंतूंपासून लेप्रोमिन तयार केले. ते त्वचेत टोचल्यावर तीन-चार आठवड्यांनी, एकदोन चट्टे असलेल्यांना गाठ येई. अंगभर गाठी असलेल्यांच्या त्वचेवर काहीच उमटत नसे. ज्यांच्या शरीरात जंतू सर्वाधिक, त्यांचेच शरीर त्या जंतूंबाबत गप्प होते.

या कोड्याकडे मुंबईतील परळच्या एका प्रयोगशाळेने लक्ष दिले, तीही कर्करोगाची. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे संचालक वि. रा. खानोलकर हे कुष्ठरोगाच्या विकृतीशास्त्राचेही जाणकार होते. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे तिथे पेशीसंवर्धनाचे काम पाहत. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून, मानवी भ्रूणाच्या चेतापेशींच्या संवर्धनात, एक जंतू वेगळा केला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात. तो खरा कुष्ठजंतू नसून मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटातला निघाला; पण त्याचे अनेक प्रतिजन (अँटिजेन) कुष्ठजंतूशी मिळतेजुळते होते आणि मुख्य म्हणजे तो प्रयोगशाळेत वाढत होता.

पुढच्या काळात पेशींमधला व्यवहार उलगडत गेला. राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये, प्रतिजन टी पेशींपुढे मांडणाऱ्या डेंड्रायटिक पेशींचे वर्णन केले. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवले की टी पेशी सुटा प्रतिजन ओळखत नाहीत. तो शरीराच्या स्वतःच्या एमएचसी रेणूच्या जोडीनेच समोर यावा लागतो. भक्षक पेशी जंतू गिळते, आम्ल आणि विकरांच्या साहाय्याने त्याच्या प्रथिनांचे तुकडे करते आणि ते एमएचसी वर्ग दोनच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर मांडते. सीडी४ टी पेशीने तो तुकडा ओळखला की ती इंटरफेरॉन गॅमा सोडते आणि त्यामुळे भक्षक पेशीला पोटातला जंतू मारण्याचे बळ येते. पेशीद्रवात तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे वर्ग एकच्या रेणूवर जातात आणि ते सीडी८ टी पेशी तपासतात. मानवात हे रेणू, म्हणजे एचएलए, व्यक्तीगणिक निराळे असतात. काहींचा कुष्ठरोगाच्या प्रकाराशी असलेला संबंध भारतीय कुटुंबांच्या अभ्यासातही आढळला.

गाठींच्या कुष्ठरोगात हीच साखळी तुटलेली असते. भक्षक पेशी जंतूंनी आणि मेदाने फुगलेल्या दिसतात, पण टी पेशी प्रतिसाद देत नाहीत. परळच्याच संस्थेतील माधव देव आणि सहकाऱ्यांनी किरणोत्साराने मारलेल्या आयसीआरसी जंतूंची लस तयार केली. ती दिल्यावर लेप्रोमिनला प्रतिसाद न देणाऱ्या अनेक रुग्णांत तो प्रतिसाद उमटू लागला. म्हणजे गप्प बसलेल्या टी पेशींना पुन्हा जागे करता येत होते. पुढे १९९१ पासून तमिळनाडूत डॉ. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर तुलनात्मक चाचणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयसीआरसी लसीचे संरक्षण ६५.५ टक्के, तर केवळ बीसीजी या क्षयाच्या लसीचे ३४.१ टक्के आढळले.

तोवर उपचाराची दिशा बदलली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि तो भारतात प्रथम राबवलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. गोळ्यांनी रुग्ण बरे होऊ लागल्याने लसीची निकड कमी झाली. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णप्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले. परळची लस सार्वत्रिक वापरात आली नाही, तरी कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात वाढवता येत नसतानाही त्याच्या जवळच्या जंतूच्या आधारे टी पेशींना त्याची ओळख पटवता येते, हे तिने दाखवून दिले. नवे रुग्ण महाराष्ट्रात आजही आढळतात, म्हणून या कामाचे मोल टिकून आहे.